भिंत हलली, सावली जागेवरच: साउअरब्राटनमधल्या प्रकाशाचं प्रकरण

एका बंद खोलीच्या छताला भोक पाडायचं आहे. साउअरब्राटन हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ सुरू करायचा, हवा तो मॅप, म्हणजे खेळायचं मैदान, उघडायचा आणि ई दाबायचं. पाय जमिनीवरून सुटतात, आपण हवेत तरंगायला लागतो आणि नजर जाईल तिथल्या चौकोनाभोवती रेघ उमटते. छताचा एक तुकडा माउसने ओढून निवडायचा आणि चाक फिरवायचं. प्रत्येक खटक्याला एक थर आत ढकलला जातो. चार खटक्यांत आरपार आकाश दिसतं. वेगळा एडिटर उघडावा लागत नाही, 'कंपाइल होत आहे' म्हणून थांबावं लागत नाही. खेळ चालू असतानाच छत फुटलेलं असतं आणि त्या भोकातून उडी मारून वर जाताही येतं.

आता खाली बघा. छत बंद असताना फरशी जशी काळोखात होती तशीच आहे. वर भगभगीत आकाश आणि खाली उन्हाचा कवडसाही नाही. उलट भोकाच्या कडा मात्र कुणी आतून ट्यूबलाइट लावावी तशा सपाट उजळल्यात. त्यांच्यावर सावली नाही, छटा नाही. जिथं उजेड पडायला हवा तिथं अंधार आणि जिथं सावली हवी तिथं चकचकाट.

हे प्रकरण त्या न पडलेल्या उन्हाचं आहे. खेळाच्या आतच मॅप घडवायचा, जे दिसतं तेच खरं, हे या मोफत, मुक्त-स्रोत खेळाचं ब्रीद. भिंती, जिने, कमानी, टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं), पाणी या सगळ्यांनी ते पाळलं. प्रकाशाने पाळलं नाही. का पाळलं नाही, त्यावर काय तोडगा निघाला आणि तोडग्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं, ते सविस्तर बघू.

आधी थोडं मागे

साउअरब्राटन हा अरीना शूटर, म्हणजे बंदिस्त मैदानातली बेफाम नेमबाजी. कथा नाही, दमादमाने चालणं नाही. मेलात की दुसऱ्याच कोपऱ्यात पुन्हा उभे. या जातीचं घराणं 'क्वेक' या खेळापासून सुरू होतं आणि मॅप बनवायची रीतही तिथूनच आली. १९९६ चा क्वेक काय किंवा १९९९ चा क्वेक थ्री काय, मॅप बनवायचा तो वेगळ्या एडिटरमध्ये. मग तो कंपाइल करायचा, म्हणजे खेळाला वाचता यावा म्हणून तीन घाण्यांतून काढायचा. पहिल्या घाण्यात भिंतींची कापाकापी, दुसऱ्यात कुठून काय दिसतं याचा हिशोब आणि तिसऱ्यात प्रकाश. मग खेळात उघडून बघायचं. दरवाजा दोन बोटं अरुंद निघाला की पुन्हा पहिल्या घाण्यापासून.

वाउटर फान ओर्टमर्सन या डच प्रोग्रामरने २००१ मध्ये 'क्यूब' हा खेळ काढला तो या रीतीला बगल देत. याचं टोपणनाव 'आर्डाप्पल', म्हणजे डच भाषेत बटाटा. यानेच १९९३ मध्ये अमिगा संगणकासाठी 'फॉल्स' नावाची प्रोग्रामिंग भाषा केली होती आणि तिचा कंपायलर अवघ्या १०२४ बाइटचा होता. काटकसर हा माणसाचा स्वभावच असावा. क्यूबमध्येही तो दिसतो. वरून बघितलं तर मॅप म्हणजे चौकटीचा कागद. प्रत्येक चौकटीला जमिनीची एक उंची आणि छताची एक उंची. बस्स. त्यामुळे खोलीवर खोली बांधता येत नाही, पण कंपाइल करण्यासारखंही काही उरत नाही. उंची बदलली की भिंत बदलली.

प्रकाशही तितकाच काटकसरी. चौकटींच्या कोपऱ्यांवर उजेडाचं माप ठेवलेलं, मधला भाग त्यावरून भरून काढलेला. हे माप मॅपच्या फाइलमध्ये साठवलेलंसुद्धा नसतं. फाइलमध्ये फक्त दिवे असतात आणि मॅप उघडला की प्रकाश दर वेळी नव्याने मोजला जातो. बदल केल्यावर हवं तर 'रीकॅल्क' म्हणायचं की झालं. सावल्या ओबडधोबड दिसतात, पण शिळ्या होत नाहीत. क्यूबवरच पुढे 'असॉल्टक्यूब' उभा राहिला, आणि छोट्या मॅपांवर, जुन्यापान्या मशिनवरही तो पळतो त्यामागे ही काटकसरच आहे.

ठोकळा सुटला, प्रकाश अडला

२००४ मध्ये 'क्यूब २: साउअरब्राटन' आला. साउअरब्राटन हा जर्मन पदार्थ आहे, आंबट मुरवणात दिवसेंदिवस ठेवून मग शिजवलेलं मांस. खेळाला हे नाव का, असं विचारण्यात अर्थ नाही. ज्याचं टोपणनावच बटाटा आहे त्याच्या घरून अजून काय येणार! इंजिनाची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, मोठी जबाबदारी पुढे ली साल्झमन यांनी उचलली. ऑनलाइन खेळांतल्या संदेशांची ने-आण करणारी 'ईनेट' ही लायब्ररी त्यांचीच. ती मुळात क्यूबसाठी घडली आणि नंतर इतरांनीही वापरली.

साउअरब्राटनने कागद सोडून दिला. संपूर्ण जग म्हणजे एक मोठा ठोकळा. त्याचे आठ समान तुकडे, त्यातल्या हव्या त्या तुकड्याचे पुन्हा आठ, आणि असं हवं तितकं खोल. याला ऑक्ट्री म्हणतात. 'न्यूमॅप १२' असा हुकूम कन्सोलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या पट्टीत, दिला की प्रत्येक बाजूला ४०९६ एककांचं रिकामं जग मिळतं. 'रिकामं' म्हणजे मोठ्या ठोकळ्याच्या आठ तुकड्यांपैकी खालचे चार भरीव आणि वरचे चार पोकळ. आपण त्या भरीव अर्ध्याच्या माथ्यावर, एखाद्या अफाट पटांगणावर तरंगत असतो.

गंमत पुढे आहे. प्रत्येक ठोकळ्याला बारा कडा. प्रत्येक कडेसाठी फक्त दोन आकडे साठवलेले: भरीव भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ० ते ८ या मापात. दोन्ही आकडे मिळून एक बाइट. म्हणजे ठोकळ्याचा अख्खा आकार बारा बाइटांत मावला. क्यू धरून चाक फिरवलं की एक कोपरा आठव्या हिश्शाने खाली बसतो आणि ठोकळ्याचा उतार होतो. जी धरून चाक फिरवलं की ग्रिड, म्हणजे निवडायच्या चौकोनांचं माप, लहानमोठी होते. वाय धरून फिरवलं की टेक्स्चर बदलतं. अर्धा तास हात बसला की माणूस मातीकाम करावं तसा यात काम करतो. गोल घुमट सुबक होत नाहीत, बारीक नक्षी जमत नाही. ती हवी असेल तर बाहेरून तयार मॉडेल आणून ठेवावी लागते. पण या मर्यादेमुळेच बदल इतका स्वस्त पडतो: ज्या ठोकळ्यांना हात लागला ते आणि त्यांना चिकटलेले शेजारी, एवढ्यांचीच पुन्हा मांडणी. कुठून काय दिसतं याचा हिशोबही चालता चालता ग्राफिक्स कार्डाला विचारून होतो. म्हणजे क्वेकच्या तीन घाण्यांतले पहिले दोन इथं बंद पडले.

तिसरा उरला.

खोलीवर खोली आली, कमानी आल्या, पूल आले. आता दिव्याचा उजेड कुठं पोचतो हे कागदावर रेघ मारून कळण्यासारखं राहिलं नाही. कोपऱ्यांवरची मापंही पुरेनात. मोठ्या सपाट भिंतीला चारच कोपरे, तिच्या मधोमध पडलेली खांबाची सावली नोंदवायची कुठे? म्हणून लाइटमॅप. प्रत्येक पृष्ठभागावर एक बारीक जाळी कल्पायची, जाळीच्या प्रत्येक ठिपक्यापासून आवाक्यातल्या प्रत्येक दिव्याकडे रेघ ओढायची, वाटेत भिंत आली तर तो दिवा वजा. जे उरलं ते त्या ठिपक्याचं उजेडाचं माप. ही सगळी मापं मिळून सावल्यांचं एक चित्र तयार होतं आणि ते टेक्स्चरवर चिकटवलं जातं. खेळताना ग्राफिक्स कार्डाने फक्त चित्र दाखवायचं, हिशोब काही नाही.

हुकूमाचं नाव 'कॅल्कलाइट'. तो दिला की पडद्यावर पट्टी सरकायला लागते आणि ती संपेपर्यंत खेळ थांबलेला. लहान मॅप असेल तर पट्टी झटकन संपते. मोठ्या, दिव्यांनी भरलेल्या मॅपला चहा टाकून यावा. कंटाळा आला तर एस्केप दाबून काम सोडता येतं, हे त्यातल्या त्यात सौजन्य. किती बारीक काम हवं ते 'लाइटप्रिसिजन' या आकड्यावर ठरतं. तो मुळात ३२ असतो. १६ केला तर सावल्यांच्या कडा सुबक होतात, पण जाळी दोन्ही दिशांनी दुप्पट झाल्याने ठिपके चौपट. कडा मऊ हव्यात म्हणून वरची प्रत मागितली तर एकेका ठिपक्यासाठी अनेक वेळा मोजणी. या गुणाकारात दिव्यांची संख्याही आहेच. २००४ च्या आसपासच्या घरगुती संगणकाला हे प्रत्येक खटक्याला करायला सांगणं म्हणजे पोस्टमनला दर पत्रामागे मुख्य कचेरीत जाऊन यायला सांगण्यासारखं.

तेव्हा तडजोड झाली. ज्या ठोकळ्याला हात लागला त्याचा आणि शेजाऱ्यांचा लाइटमॅप रद्द समजायचा आणि तेवढा भाग तात्पुरता सरसकट उजळ दाखवायचा. आपल्या भोकाच्या कडा चमकतात त्या यामुळे. ती रोषणाई नव्हे, 'इथला हिशोब बाकी आहे' असा शेरा आहे. आणि फरशी? फरशीला कुणी हात लावलेला नाही. तिच्या लेखी तिचा हिशोब पक्का आहे, छत बंद असतानाचा.

मधला मार्ग म्हणून 'पॅचलाइट' हा हुकूम आहे. तो फक्त बाकी असलेल्या पृष्ठभागांचा उजेड मोजतो, म्हणून लवकर आटपतो. पण नेमकी मेख तिथंच आहे. पॅचलाइट दिला की भोकाच्या कडा नीट रंगतात, फरशीवर ऊन तरीही येत नाही. बदललेल्या ठोकळ्यावर पडणारा प्रकाश तो सुधारतो, बदललेल्या ठोकळ्यामुळे दुसरीकडे पडणारा नाही. आणि मॅप करणाऱ्याला खरा रस असतो तो या दुसऱ्यात. खिडकी कुणी चौकट बघण्यासाठी काढत नाही.

चौघांची खोली, एकट्याचा उजेड

एकट्याने काम करताना हे चालून जातं. संध्याकाळभर भिंती रचायच्या, जेवायला उठताना कॅल्कलाइट लावायचा. अडचण खरी दिसते ती सहकारी संपादनात, आणि साउअरब्राटनची खरी मजाही त्यातच आहे. 'कोऑप एडिट' हा या खेळात झेंडा पळवण्यासारखाच एक खेळप्रकार आहे. तीनचार जण एकाच सर्व्हरवर येतात, एक जण जिना चढवतोय, दुसरा त्याच जिन्याखाली भुयार काढतोय, तिसरा कारण नसताना सगळ्याला लाव्हा लावतोय.

हे कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. सर्व्हरवरून भिंती पाठवल्या जात नाहीत, पाठवली जाते ती कृती: अमुक निवड, तमुक ग्रिड, एक खटका आत. प्रत्येकाच्या मशिनवर तीच कृती त्याच क्रमाने होते आणि म्हणून सगळ्यांचं जग सारखं राहतं. संदेश इवलासा असतो, हळू कनेक्शनवरही जातो. मात्र सर्व्हरला स्वतःला मॅप कळत नाही, तो निव्वळ निरोप्या. उशिरा आलेल्या माणसाला चालू स्थिती हवी असेल तर आधीच्या कुणीतरी 'सेंडमॅप' करावं लागतं आणि मग त्याने 'गेटमॅप'. हे न करता नवा माणूस हात घालायला लागला की त्याच्या जगात भिंत एकीकडे आणि बाकीच्यांच्या जगात दुसरीकडे. कोऑपवर गेलेल्या प्रत्येकाने हा गोंधळ एकदा तरी केलेला असतो. मीही केला आहे. वीस मिनिटं खपून केलेली माझी कमान इतरांच्या दृष्टीने हवेत लटकणारे सहा ठोकळे होती, आणि बिचारे सभ्यपणे काही बोलले नाहीत.

पण मुद्दा प्रकाशाचा. सेंडमॅप मॅप गुंडाळतो तेव्हा लाइटमॅप मुद्दाम बाहेर ठेवतो. कारण साधं आहे, त्यांनी फाइल फुगते. म्हणून गेटमॅप करणाऱ्याला मिळतो तो बिनप्रकाशाचा मॅप, आणि लाइटमॅप नसला की इंजिन सगळंच सपाट उजळ दाखवतं. समजा पहिल्याने आपल्याकडे कॅल्कलाइट करून ठेवला आहे. त्याला कमानीखाली गर्द सावली दिसते. बाकी तिघांना तीच कमान दुपारच्या बाराच्या उन्हातली वाटते, तेही चहूबाजूंनी ऊन असल्यासारखी. पहिला म्हणतो, इथं फार अंधार झाला, एक दिवा घालू का? दुसरा म्हणतो, कुठला अंधार?

आणि चौघांनीही कॅल्कलाइट केला तरी पुढच्या खटक्याला पुन्हा कडा चमकायला लागणार. मग कुणी करतच नाही. कोऑपमध्ये मॅप सपाट उजेडात बांधले जातात आणि शेवटी कुणी तरी एक जण तो आपल्याकडे सेव्ह करून, एकटा बसून, दिवे लावतो. सहकाराने बांधलेल्या वाड्यात उजेडाचं काम मात्र एकाच्या वाट्याला. साउअरब्राटनच्या कित्येक मॅपांत रचना अप्रतिम आणि प्रकाश मात्र 'नंतर टाकलेला' वाटतो, त्याचं मूळ मला इथं दिसतं. प्रकाश रचनेसोबत वाढलेलाच नसतो.

त्याच वर्षी, नेमकं उलटं

२००४ मध्येच डूम ३ आला. तो पैसे मोजून घ्यायचा खेळ होता, मुक्त-स्रोत तर मुळीच नव्हता. पण या प्रकरणात तो आरशासारखा उपयोगी पडतो. त्याचाही एडिटर खेळाच्याच प्रोग्रामात बसवलेला होता. त्यात प्रकाश पूर्ण जिवंत: दिवा हलवला की सावली हलते, पंखा फिरला की पात्यांच्या सावल्या भिंतीवर फिरतात. लाइटमॅप नाहीतच. पण भिंत हलवली तर? 'डीमॅप' नावाचा हुकूम देऊन मॅप पुन्हा कंपाइल. म्हणजे एकाच वर्षात एका इंजिनाने ठोकळा मोकळा केला आणि प्रकाश बांधून ठेवला, दुसऱ्याने प्रकाश मोकळा केला आणि ठोकळा बांधून ठेवला. दोन्ही एकदम मोकळं करणं तेव्हाच्या यंत्रांच्या आवाक्यात नव्हतं. आणि डूम ३ ने त्या प्रकाशाची किंमत मशिनकडून किती वसूल केली ते तेव्हा खेळलेल्यांना आठवत असेल.

टेसरॅक्ट

दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, ली साल्झमन आणि सोबत्यांनी साउअरब्राटनच्या इंजिनातून 'टेसरॅक्ट' हा नवा खेळ आणि त्याचं इंजिन काढलं. काढू शकले कारण साउअरब्राटनचा सोर्स कोड झेडलिब परवान्याखाली आहे: घ्या, बदला, वेगळ्या नावाने द्या, फक्त 'हे मूळ आमचंच' असं खोटं सांगू नका. (चित्रं, आवाज आणि मॅप यांचं तसं नाही. त्यांचे परवाने ज्याचे त्याचे वेगळे, आणि लिनक्सची एक आवृत्ती बनवणाऱ्या डेबियनसारख्या काटेकोर मंडळींनी त्या सामग्रीला म्हणूनच आपल्या मुख्य दालनाबाहेर ठेवलं. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

टेसरॅक्टमध्ये ठोकळे तेच, बारा कडाही त्याच, चाकाचे खटकेही तेच. लाइटमॅप मात्र साफ काढून टाकले. आधी दृश्यातल्या पृष्ठभागांची माहिती गोळा करायची, मग त्यावर एकेका दिव्याचा उजेड चढवायचा, आणि दिव्याच्या नजरेतून काय झाकलं जातं ते दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रासाठी, मोजून सावली पाडायची. उन्हासाठी तर एक पाऊल पुढे: जमिनीवर पडलेलं ऊन एकदा उसळून आजूबाजूच्या भिंतींवर जातं तेही धरलेलं.

तेच छत, तेच भोक. चौथ्या खटक्याला आकाश दिसतं आणि त्याच क्षणी फरशीवर उन्हाची चौकट पडते. आणखी एक खटका दिला की चौकट रुंदावते. तिरक्या उन्हामुळे ती फरशीवरून भिंतीवर चढते, आणि फरशी तांबड्या विटांची असेल तर जवळची पांढरी भिंत किंचित तांबूस होते. भोकाच्या कडा चमकत नाहीत, त्यांना जेवढा मिळायचा तेवढाच उजेड मिळतो. सूर्याचा कोन बदलायचा आकडा कन्सोलमधून फिरवला की सकाळची संध्याकाळ होते आणि सगळ्या सावल्या एकदम कूस बदलतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास काहीही बांधलं नाही. नुसती भोकं पाडत होतो.

कोऑपमधला तो 'कुठला अंधार?' हा संवादही इथं संपतो. कृती सगळ्यांकडे पोचली की प्रकाशही आपोआप सगळ्यांकडे सारखा, कारण तो वेगळा पाठवायचाच नाही.

मग बिल कुणी भरलं

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. तांत्रिकदृष्ट्या सुटलाच. पण कॅल्कलाइटच्या पट्टीकडे नुसता त्रास म्हणून बघणं चूक आहे. ती पट्टी म्हणजे मॅप करणाऱ्याने एकदा भरलेली रक्कम होती. त्याने एका रात्री मशिन तापवलं, मापं फाइलमध्ये गेली, आणि पुढे तो मॅप खेळणाऱ्या प्रत्येकाला प्रकाश जवळजवळ फुकट मिळाला. तीनशे दिवे लावले काय आणि तीस लावले काय, खेळणाऱ्याच्या फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याला, फारसा फरक नाही. टेसरॅक्टमध्ये तीच रक्कम प्रत्येक खेळाडू भरतो आणि दर फ्रेमला भरतो. सावली पाडणारा प्रत्येक दिवा हा चालू खर्च. मॅप करणाऱ्याला म्हणून नवी शिस्त लावून घ्यावी लागते: हा दिवा सावली पाडणारा हवा की नुसता उजेड देणारा चालेल? उसळलेला प्रकाश फक्त उन्हाचा मिळतो, खोलीतल्या दिव्याचा नाही, म्हणून कोपरे फार काळे पडू नयेत यासाठी बिनसावलीचे जास्तीचे दिवे पेरावे लागतात. लाइटमॅपच्या दिवसांत हात सैल सोडायची सवय लागलेल्यांना हे जड जातं.

आणि हे खेळ खेळतं कोण? फुकट, लहान डाउनलोड, लिनक्सवरही चालणारा खेळ बऱ्याचदा तोच घेतो ज्याच्याकडे भारी ग्राफिक्स कार्ड नसतं. हॉस्टेलमधला जुना लॅपटॉप, ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप. साउअरब्राटन त्यावर गुमान चालतो. टेसरॅक्टमध्ये सेटिंग्ज खाली आणता येतात, पण सावल्या आणि उसळलेलं ऊन बंद करून तो खेळायचा म्हणजे ज्यासाठी तो काढला तेच बंद करायचं.

त्यात भर म्हणजे अरीना शूटर खेळणाऱ्या अट्टल मंडळींना सावल्यांचं कौतुक बेताचंच. त्यांना हवा फ्रेमरेट आणि शत्रू ठळक दिसणं. साउअरब्राटनमध्ये 'फुलब्राइटमॉडेल्स' नावाचं सेटिंग आहे, ते वाढवलं की समोरचा खेळाडू अंधाऱ्या कोपऱ्यातही उजळून निघतो. मॅप करणाऱ्याने तासन् तास खपून कमानीखाली गर्द सावली पाडायची आणि खेळणाऱ्याने त्या सावलीतला माणूस दिव्यासारखा पेटवून टिपायचा. एडिटर आतच असलेल्या खेळात ही दोन्ही माणसं एकाच खिडकीत नांदतात, पण त्यांच्या गरजा एक नाहीत. टेसरॅक्टने पहिल्याची बाजू घेतली, आणि ती पूर्ण घेतली. माझ्या मते म्हणूनच तो इंजिन म्हणून गाजला, खेळ म्हणून त्याच्याभोवती साउअरब्राटनसारखी गर्दी जमली नाही.

इंजिन म्हणून त्याला सर्वांत ठळक गिऱ्हाईक मिळालं ते घरातलंच. 'रेड एक्लिप्स' हा भिंतींवरून धावत, उड्या मारत खेळायचा अरीना शूटर. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये क्यूब २ इंजिनावर आली होती. डिसेंबर २०१९ मध्ये 'रेड एक्लिप्स २' स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला तो टेसरॅक्टच्या इंजिनावर. ठोकळे तेच असल्याने जुन्या मॅपांच्या भिंती नव्या इंजिनात उभ्या राहू शकतात. दिव्यांचं तसं नाही. लाइटमॅपसाठी मांडलेले दिवे जिवंत प्रकाशात जसेच्या तसे चालत नाहीत: कुठे भडक, कुठे मिट्ट, कुठे एकाच खोलीत विनाकारण दहा सावल्या. भिंती वारशाने मिळाल्या, उजेडासाठी मात्र नव्याने खपावं लागतं. रेड एक्लिप्सच्या लोकांनी ते पत्करलं, आणि नव्या खेळाडूला पहिल्या नजरेत खेळ आजचा वाटावा हे त्यांचं उद्दिष्ट असेल तर निर्णय बरोबरच होता. जुन्या लॅपटॉपवाला त्या दिवशी मागे राहिला हेही तितकंच खरं.

साउअरब्राटनने काय केलं? काहीच नाही, आणि माझ्या हिशोबी तेही बरोबर केलं. २०१३ च्या 'कलेक्ट एडिशन'नंतर पुढची आवृत्ती यायला डिसेंबर २०२० उजाडला. टेसरॅक्टचा कोड शेजारीच पडला होता, लिहिणारे हातही तेच होते, तरीही लाइटमॅप जागच्या जागी ठेवले. वर्षानुवर्षांचे शेकडो मॅप, त्यांच्यात साठवलेल्या सावल्या आणि त्या फुकटात दाखवणारी जुनी मशिनं, या सगळ्याला धक्का लागला नाही. दरम्यान मॅप करणाऱ्यांची मशिनं वेगवान झाली, मोजणी प्रोसेसरच्या अनेक कोअरांवर वाटून देता यायला लागली, आणि एकेकाळी चहा टाकून यायची वेळ देणारा मॅप आता उठायच्या आत आटपतो. घाणा बंद पडला नाही, त्याचा फेरा तेवढा लहान झाला.

माझ्याकडे दोन्ही आहेत. टेबलावरच्या मशिनवर टेसरॅक्ट, प्रवासातल्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर साउअरब्राटन. परवा गाडीत बसल्या बसल्या त्या लॅपटॉपवर एका जुन्या मॅपच्या छताला भोक पाडलं. चौथ्या खटक्याला आकाश दिसलं, कडा चमकल्या, फरशी काळीच. मग स्लॅश, कॅल्कलाइट, एंटर. पट्टी सरकायला लागली, पंखा घरघरला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.